रात्रीची लाईन

मेनफ्रेम म्हणजे मोठ्या कंपन्यांचा मोठा मुख्य संगणक. त्याच्या पडद्यावर कामाच्या ओळी चोवीस. त्यांच्याखाली आणखी एक ओळ असते, ती नुसती हालहवाल सांगायला. तिच्यात फुली उमटली की समजायचं, कीबोर्ड बंद झाला. फुलीशेजारी घड्याळ दिसलं तर तिकडचं मशीन आपल्याच कामाला लागलंय, थांबा. आणि फुलीशेजारी दोन बाणांच्या मधे एक माणूस उभा दिसला, तर जिथं लिहायची मुभा नाही तिथं आपण लिहायला गेलोय. बाण म्हणतात, बाबा रे, इकडं सरक नाहीतर तिकडं सरक. आयबीएमच्या ३२७० टर्मिनलांवर, म्हणजे मेनफ्रेमशी बोलायच्या पडदा-कीबोर्डांवर, हे चित्र होतं आणि त्यांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमांनीही ते आपापल्या परीनं जपलंय. एवढ्या मोठ्या कंपनीनं चूक दाखवताना खेकसायच्या ऐवजी एक भांबावलेला माणूस काढला, याचं मला अजूनही कौतुक आहे.

हा माणूस मला भेटतो तो यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या आमच्या घराच्या स्लॅबवर. खाली घरात मोबाईलला एक काडी, कधी तीही नाही. स्लॅबवर पाण्याच्या टाकीच्या बाजूला दोन. मी कोबोलवाला, म्हणजे मेनफ्रेमवरच्या एका जुन्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणारा. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे प्रोग्रॅम सांभाळणं हे माझं काम. ते पुण्यात बसून करायचो. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, गावी आलो, आणि मग परत जायचं कारण हळूहळू पातळ होत गेलं. त्यांचा दिवस म्हणजे आपली रात्र. त्यामुळं गाव झोपलं की माझं ऑफिस उघडतं.

गाव झोपतं म्हणणंही तितकंसं खरं नाही. शेतीच्या फीडरला आठवड्यातले काही दिवस दिवसा लाईन असते आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणसं वावरात असतात. बाबाही जातात. स्प्रिंकलरचे पाईप काही तासांनी उचलून पुढच्या पट्ट्यात न्यावे लागतात, ते काम बसल्या जागी होत नाही. २०१८ला याच तालुक्यात बोराटीच्या जंगलात टी-वन वाघीण मारली गेली. त्याआधीचे महिने रात्रीच्या ओलिताला माणसं कशी जायची ते आईला विचारावं. वाघीण गेली, रात्रीची लाईन तशीच आहे. तर बाबा ओलीत करून परत येतात तेव्हा बरेचदा मी वर जागाच असतो, आणि चहा घेऊन ते स्लॅबवर येतात.

एकदा बराच वेळ काळ्या पडद्याकडं बघत उभे राहिले.

"हे मशीन कुठं हाय?"

"अमेरिकेत."

"आन् तू इथून चालवतं?"

"चालवत नाही बाबा. मी फॉर्म भरून पाठवतो, ते दुसरा फॉर्म परत पाठवते."

"म्हणजे ब्यांकेतल्या इड्रॉलसारखं."

कंपनीनं मला जे प्रशिक्षण दिलं त्यात ही गोष्ट समजायला बरेच तास गेले होते. विड्रॉल स्लिप आपण बाजूच्या टेबलावर, दोरीला बांधलेल्या पेनानं भरतो. खाडाखोड करतो, आकडा पुन्हा मोजतो. तोवर खिडकीतल्या बाबूला आपली काहीच खबर नसते. स्लिप आत सरकवली की मगच तो आपल्याकडं बघतो. ३२७० नेमकं असंच वागतं. पडद्यावर काही जागा कोऱ्या, बाकी छापील. कोऱ्या जागांत मी काय टाइप करतोय, किती वेळा खोडतोय, हे सगळं माझ्याच लॅपटॉपमध्ये राहतं. एंटर किंवा एखादी फंक्शन की दाबली की भरलेलं सगळं एका दमात रवाना होतं आणि फुलीशेजारी घड्याळ येतं.

दुसरी पद्धत याच्या उलट. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं व्हीटी-१०० टर्मिनल १९७८चं. युनिक्सच्या जगात आजही जे काळे पडदे उघडतात ते बहुतेक त्याच्याच वंशातले. तिथं प्रत्येक अक्षर दाबलं की लगेच पलीकडं जातं, पलीकडचा संगणक ते परत पाठवतो, मग आपल्याला दिसतं. एका खोलीत बसून हे उत्तम. पण आमच्या स्लॅबवरून अटलांटिकच्या पलीकडं जाऊन यायला पाव सेकंद तर साधारण लागतोच, मोबाईलची लाईन कुरकुरत असेल तर त्याहून बरंच जास्त. 'कमिट' असा शब्द टाइप करायचा आणि अक्षरं एकेक करत उगवताना बघायची. मधेच बॅकस्पेस मारला तर तो कुठल्या अक्षरावर पडला ते नंतर कळणार. हा त्रास इतका जुना आणि इतका सार्वत्रिक की २०१२मध्ये एमआयटीतल्या मंडळींनी त्यावर 'मॉश' नावाचा प्रोग्रॅम काढला. उत्तर यायच्या आधीच अक्षर अंदाजानं दाखवायचं, ही त्याची मुख्य युक्ती. फार हुशार काम आहे. पण आयबीएमवाल्यांनी १९७१मध्येच अक्षरं घरी ठेवली होती, त्यांना अंदाज बांधायची वेळच आली नाही.

त्यांना तरी ही सुबुद्धी कशानं झाली? हातात फार नव्हतं म्हणून. तेव्हा शाखाशाखांतून मुख्य संगणकापर्यंत टेलिफोनच्या भाड्याच्या लाईनी असायच्या. ४८०० बिटांच्या लाईनीवर पूर्ण भरलेला पडदा, म्हणजे ८० गुणिले २४, एक हजार नऊशे वीस अक्षरं, यायला तीन सेकंदांहून जास्त लागणार. शिवाय ती लाईन एकट्याची नाही. एका कंट्रोलरला, म्हणजे टर्मिनलं आणि लाईन यांच्या मधल्या डब्याला, बत्तीसपर्यंत टर्मिनलं लटकलेली, आणि एकेका लाईनीवर असे कंट्रोलरही अनेक असू शकत. मुख्य संगणक तर सगळ्यात महाग. हजारो कारकुनांच्या प्रत्येक बोटागणिक त्याला हाक मारली असती तर तो हाकांनाच ओ देत बसला असता. म्हणून ठरलं की टर्मिनलनं होईल तेवढं स्वतः निभवायचं आणि तयार झाल्यावरच बोलायचं.

बोलतानाही काटकसर. पडद्यावर पंधरा जागा असल्या आणि मी त्यातल्या दोनच बदलल्या, तर सहसा दोनच जातात. प्रत्येक जागेला एक खूण असते, हिच्यात फेरफार झाला की नाही सांगणारी. खूण नसलेल्या जागा पाठवायच्याच नाहीत. उलट दिशेनं येतानाही कोरी जागा कोरी म्हणून येत नाही. 'अमुक ठिकाणी जा आणि तिथून लिही' अशी आज्ञा येते, किंवा 'हेच अक्षर तिथपर्यंत भर'. एका निवांत रात्री मी इम्युलेटरचा, म्हणजे टर्मिनलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमचा, ट्रेस चालू करून हे सगळं वाचत बसलो होतो. एंटरचा कोड ७डी. मग कर्सर कुठं होता त्याचे दोन बाइट. मग ११, म्हणजे 'पुढचा पत्ता ऐक', पत्त्याचे दोन बाइट, आणि मग मी लिहिलेला पॉलिसी नंबर: एफ-शून्य, एफ-चार, एफ-सात. शेवटी टेलनेटची, म्हणजे लांबच्या संगणकाशी बोलायच्या रीतीची, 'निरोप संपला' अशी खूण, एफएफ ईएफ. मोजून काही डझन बाइट. टूजीवरही हे बिनबोभाट जातं, आणि पावसाळ्यात आमच्याकडं टूजीच उरतं.

ते एफ-चार, एफ-सात म्हणजे ४ आणि ७ हे आकडे. मेनफ्रेमची अक्षरओळख एबसिडिक नावाची वेगळीच आहे. बाकी दुनियेनं धरलेल्या आस्कीत इंग्रजी वर्णमाला सलग आहे. इथं आय सी९ला संपतो आणि जे डी१ला सुरू होतो. मधे सात घरं सोडलेली. पंचकार्डाच्या काळचा वारसा. पडद्याच्या ८० रकान्यांचं मूळही तेच, १९२८च्या आयबीएम कार्डावरचे ८० रकाने. नवशिक्यांना हे विचित्र वाटतं. मला आता आस्कीच जरा सपक वाटते.

खरं ३२७० टर्मिनल मी कधीच पाहिलं नाही. माझ्या वयाच्या कुणीच फारसं पाहिलं नसेल. ते जड, मोठ्या खटक्यांच्या कीबोर्डाचं यंत्र समाक्ष (कोअॅक्स) केबलनं कंट्रोलरला जोडलेलं असायचं. ऐंशीच्या दशकात पीसी आले तेव्हा लोकांना टेबलावर दोन-दोन पडदे नको झाले, म्हणून पीसीत कार्ड बसवून त्यालाच टर्मिनलचं सोंग घ्यायला लावलं. मग इंटरनेटची वाट खुली झाली; बर्कले विद्यापीठात टेलनेटवरून ३२७०ची भाषा बोलणारा प्रोग्रॅम झाला, टीएन३२७०. पुढं १९९८च्या आरएफसी २३५५ या इंटरनेटच्या नियमपत्रानं त्याची सुधारलेली रीत नीट लिहून ठेवली. आज मी वापरतो तो फुकटचा एक्स३२७० कुटुंबातला, पॉल मॅटिस वर्षानुवर्षं निगुतीनं सांभाळतात तो. बाकी व्हीपीएन, त्यावर टीएलएस, दोन-दोन पासवर्ड, ते सगळं असतंच. ते वाचण्यात कुणाला गंमत नाही.

गंमत जोडणी होताना आहे. पलीकडून विचारणा येते, तू कोण? आणि माझा हा चिनी बनावटीचा, बिजागरी सैल झालेला लॅपटॉप बेधडक सांगतो: आयबीएम ३२७८, मॉडेल दोन. तिकडं कुणी शंका घेत नाही. मी पुण्यातल्या काचेच्या इमारतीत आहे, की टाकीशेजारी पायाखाली वाळत घातलेल्या तुरी तुडवत बसलोय, याच्याशी त्याला घेणं नाही. त्याच्या लेखी मी एक एलयू, एक टोक. सोंग इतकं पक्कं की कीबोर्डही जुना वठवावा लागतो. जुन्या कीबोर्डवर एंटर जिथं होतं तिथं आता उजवा कंट्रोल असतो, म्हणून आयबीएमच्या स्वतःच्या इम्युलेटरमध्ये मुळात उजवा कंट्रोल म्हणजेच एंटर आणि डावा म्हणजे रिसेट. मोठं एंटरचं बटण दाबलं तर कर्सर नुसता पुढच्या ओळीवर जातो. हाताला ही सवय एकदा लागली की बाकी सगळीकडं पंचाईत. व्हॉट्सअॅपवर मेसेज लिहून मी उजवा कंट्रोल दाबतो आणि समोरचा बिचारा वाट बघत बसतो.

लांबच्या मशीनशी असं बोलणं विदर्भात काही माझ्यापासून सुरू झालं नाही. लहानपणी मामाकडं जायचं तर तिकिटासाठी वर्धा स्टेशनची आरक्षण खिडकी. काचेपलीकडं काळा पडदा, बाबू आकडे ठोकायचा, थोडा वेळ सगळं गप्प, मग डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करवतीसारखा सुरू. त्या पडद्यामागचा संगणक खिडकीत नव्हताच, तो दूर मोठ्या शहरात. सीएमसी या सरकारी संगणक कंपनीनं १९८५मध्ये नवी दिल्लीत रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाची सुरुवात करून दिली. पुढं 'कॉन्सर्ट' नावाची आरक्षण प्रणाली आली आणि १९९९पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. आयबीएमचे नव्हे, डिजिटल इक्विपमेंटच्या व्हॅक्स जातीचे संगणक होते ते, म्हणजे व्हीटीवाल्या घराण्यातले. पण रांगेतल्या माणसाला कुठलं घराणं त्याचं काय! वर्ध्याच्या खिडकीतून कुठल्या कुठं जाणाऱ्या गाडीचा बर्थ मिळतो, एवढं पुष्कळ होतं.

आता लाईन जाण्याबद्दल. बाबांनी पुढचा प्रश्न तोच विचारला होता: "लाईन गेली त काय होते मंग? तुयं काम बुडते का?"

डीपी जळाली, झाडाची फांदी तारेवर आली, फेज गेला, कारणं भरपूर. लॅपटॉपला बॅटरी आहे, पण बाजूच्या टॉवरचा बॅकअप संपला की नेट जातंच. ज्या वेबसाईटवर आमच्याकडची माणसं फॉर्म भरतात तिथलं तुम्हाला माहीत आहे. एक पोर्टल तर असं, की सातबाऱ्यापासून पासबुकापर्यंत सगळं चढवून झालं, शेवटचं बटण दाबलं, चकरी फिरत राहिली आणि 'सेशन संपलं' म्हणून पहिल्या पानावर. सेवा केंद्रातला पोट्टा मान न उचलता म्हणतो, "सर्वर डाऊन हाय, उद्या या." पान उघडायलाच दहा चित्रं, वर सरकणाऱ्या बातम्या, मंत्र्यांचे फोटो. भरायचं किती, तर नाव आणि गट नंबर.

मेनफ्रेमवर काम बुडत नाही असं मी बाबांना सांगितलं, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. एंटर न दाबलेलं जातं, दाबलेलं राहतं. टीएसओमध्ये, म्हणजे आम्ही आत शिरतो त्या दिवाणखान्यात, लाईन तुटली तरी तिकडं माझी बैठक लगेच मोडत नाहीत. काही मिनिटं जागा राखून ठेवतात. किती, ते तिथल्या सिस्टिम प्रोग्रॅमरनं ठरवलेलं. तेवढ्यात नेट आलं तर लॉगऑनच्या पडद्यावर खाली 'रिकनेक्ट' नावाची जागा असते, तिच्यापुढं एक एस लिहायचा आणि एंटर. प्रोग्रॅमच्या ज्या ओळीवर होतो त्याच ओळीवर परत. हे लिहायला विसरलं तर तो सांगतो की या नावाचा माणूस आधीच आत आहे. आपणच आत आणि आपणच दाराबाहेर.

आणि मोठं काम तर आपल्या असण्यावर अवलंबूनच नसतं. जेसीएलमध्ये, म्हणजे मेनफ्रेमला काम सांगायच्या भाषेत, लिहून द्यायचं की ही फाईल घे, हा प्रोग्रॅम चालव, निकाल तिथं ठेव. सबमिट म्हटलं की जॉबला नंबर मिळतो. त्यानंतर गावाची लाईन जावो, टॉवर पडो, जॉब आपला रांगेतून पुढं सरकत चालतो. सकाळी एसडीएसएफमध्ये, म्हणजे जॉबांचे निकाल दाखवणाऱ्या पडद्यावर, जाऊन बघायचं, कंडिशन कोड चार शून्यं असले की चहा गोड लागतो. एका महिनाअखेरीला वादळानं रात्रभर अख्खा तालुका अंधारात होता आणि मी खाली गादीवर पडून निवांत होतो. बायकोला ते बघवलं नाही. पुण्यातले माझे मित्र त्याच रात्री दुसऱ्या एका प्रोजेक्टवर, जनरेटरच्या इमारतीत, ब्राउझरमधलं काहीतरी लोड व्हायची वाट बघत जागे होते.

म्हणून काळ्या पडद्यावरच्या या हिरव्या अक्षरांना 'जुनाट' म्हटलं की मी जरा तडकतो. ज्यांनी ते घडवलं त्यांच्याजवळ लाईन पातळ होती, मशीन एकच होतं आणि माणसं लांब होती. आमच्याजवळही हेच आहे. मुबलक असणाऱ्यांनी मुबलक असणाऱ्यांसाठी बनवलेल्या वस्तूंपेक्षा हे मला जास्त लागू पडतं. अर्थात सगळं नवं वाईट असंही नाही. २०१८पासून 'झोवे' नावाचं मुक्त साधन आलंय, त्यानं नवी मुलं व्हीएस कोड या आजच्या एडिटरमधूनच मेनफ्रेमवर काम करतात. फाईल एकदा उतरवायची, घरी बदलायची, जतन केली की परत जाते. ते स्लॅबवरही बरं चालतं, कारण त्याचाही स्वभाव स्लिप भरण्याचाच. अवघड जातं ते तिसऱ्या प्रकारचं, ज्यात जुन्याच पडद्यावर वेबचा झगा चढवलेला असतो. आत तीच चोवीस ओळींची माहिती आणि बाहेर ती दाखवायला अख्खी वरात.

शेजारच्या काकाजींचा पोट्टा यवतमाळला बीसीए करतो. सुट्टीत येऊन माझ्या मागं बसायचा. क्लायंटचं मशीन त्याला दाखवता येत नाही, म्हणून जुन्या लॅपटॉपवर हर्क्युलिस टाकून दिलं. रॉजर बाउलर यांनी १९९९मध्ये काढलेला हा प्रोग्रॅम अख्ख्या मेनफ्रेमची नक्कल करतो. त्यावर एमव्हीएस ३.८ ही मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम, ऐंशीच्या सुरुवातीची आणि परवाना न लागता चालणारी. आता एकाच घरात नकली मेनफ्रेमला नकली टर्मिनल जोडलेलं. इंटरनेट लागतच नाही, पोर्टचा नंबरही योगायोगानं नव्हे तर मुद्दामच ३२७० ठेवलाय. पहिल्याच जेसीएलला एरर. "भैय्या, एका स्पेसनं एवढं काहून बिघडते?" कार्डाचे ८० रकाने त्याला तेव्हा समजले.

हल्ली त्यानं डोक्यात घेतलंय की गावच्या दूध संकलनाचा हिशोब यावर ठेवायचा, आणि नावं मराठीत दिसली पाहिजेत. मी म्हटलं, बाप्पा, १९८१च्या सिस्टिमला देवनागरी काय माहीत! आयबीएमनं एबसिडिकमध्ये देवनागरीसाठी कोड पेज ११३७ हा अक्षरतक्ता काढलाय खरा, पण तो आपल्या या मशीनच्या बराच नंतरचा. आणि पडद्याची रीत अशी की एका घरात एक अक्षर. रफार कुठल्या घरात ठेवणार? जोडाक्षराला किती घरं द्यायची? तो ऐकत नाही. नावं आत रोमनमध्ये ठेवून, ती टर्मिनलकडं येताना मधेच पायथनमध्ये पकडून मराठी करायची असा त्याचा बेत आहे, आणि साधी नावं उमटायलाही लागलीत. सध्या गाडी ऱ्हस्व वेलांटीवर अडली आहे. ती लिहायची अक्षरानंतर आणि दिसायला हवी आधी. त्यामुळं 'किसन'ची वेलांटी मागच्या घरातल्या लिटरच्या आकड्यावर जाऊन बसते, आणि काकाजी म्हणतात, हिशोब बरोबर हाय, फक्त दूध कोणाचं ते सांग.